नकाशा, ऋतू आणि हवामान यांची चाचणी: मूल वाचते आहे की आठवते आहे?

इयत्ता सातवी-आठवीला भूगोल शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने पुढील प्रश्न विचारला आहे. वर्गातील बहुतेक मुले भारताच्या नकाशा आराखड्यात नद्या, पर्वत आणि शहरे बिनचूक भरतात, ऋतू का होतात याचे पुस्तकातील उत्तरही व्यवस्थित लिहितात. परंतु अनोळखी नकाशा पुढे ठेवला, किंवा ‘आपल्या गावात 21 जूनला भर दुपारी सावली कोणत्या दिशेला पडेल’ असे विचारले, की तीच मुले गोंधळतात. मग चाचणी काढावी कशी, उत्तरे तपासावीत कशी, आणि वीस गुणांच्या लेखी चाचणीत हे सारे बसते का?

या मुलांना भूगोल येत नाही असे आपण लगेच समजू नये. आजवर त्यांना जे विचारले गेले ते त्यांना येते. आराखड्यात माहिती भरण्याचा प्रश्न प्रामुख्याने स्मरण मोजतो. गोदावरीची रेघ साधारण कोणत्या वळणाने जाते आणि नागपूरचा ठिपका कुठे येतो, हे हाताला सवयीने जमते. हे स्मरण निरुपयोगी नाही. देशाचे एक चित्र मनात ठसलेले असणे ही पुढच्या अभ्यासाची पूर्वतयारीच आहे. मात्र त्या गुणांना आपण ‘नकाशा कौशल्य’ म्हणू लागलो की फसगत होते, कारण नकाशा वाचणे म्हणजे समोरच्या कागदावरून आधी माहीत नसलेली गोष्ट शोधून काढणे. म्हणून चाचणी काढताना प्रत्येक प्रश्नाला मी एकच कसोटी लावतो: समोरचा नकाशा, आलेख किंवा आकृती झाकून ठेवली तरी मुलाला या प्रश्नाचे उत्तर देता येईल का? येत असेल, तर तो प्रश्न स्मरणाचा आहे आणि त्याचे गुण वेगळे मांडावेत.

या कसोटीला उतरणारा पहिला उपाय म्हणजे काल्पनिक परिसराचा नकाशा. एक पान घ्यावे, त्यावर एक टेकडी, दोन वाड्या, एक ओढा, एक रस्ता आणि एक मंदिर काढावे, समोच्च रेषा (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) उंचीतील 20 मीटर अंतराने दाखवाव्यात आणि प्रत्येक रेषेवर उंची लिहावी. चिन्हे मात्र मुलांनी शिकलेलीच वापरावीत. अनोळखी असावा तो परिसर, भाषा नव्हे. या नकाशात मी जाणीवपूर्वक दोन गोष्टी करतो. उत्तर दिशेचा बाण पानाच्या वरच्या कडेकडे न ठेवता उजवीकडे ठेवतो, आणि ओढा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहता दाखवतो. वर्षानुवर्षे भिंतीवरचा नकाशा पाहून ‘उत्तर म्हणजे वर आणि दक्षिण म्हणजे खाली’ अशी समजूत मुलांच्या मनात घट्ट बसलेली असते, आणि तिच्यातूनच ‘नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतात’ ही दुसरी चुकीची समजूत जन्म घेते. गिरणा नदी सह्याद्रीत उगम पावून आधी पूर्वेकडे आणि मग उत्तरेकडे वळून तापीला मिळते हे पुस्तकात वाचलेले मूलही, समोरच्या नकाशात ओढ्याची दिशा ठरवताना समोच्च रेषांवरील आकडे पाहत नाही, पानाचा खालचा भाग पाहते. बाण वळवलेल्या नकाशावर ‘ओढा कोणत्या दिशेला वाहतो? तुम्ही हे कशावरून ठरवले?’ एवढे दोन प्रश्न विचारले, की आकडे वाचणारी मुले आणि पान पाहणारी मुले लगेच वेगळी दिसतात.

‘कशावरून ठरवले’ हा भाग मी कधीही गाळत नाही. दिशा आठच असल्यामुळे अंदाजाने बरोबर उत्तर येण्याची शक्यता बरीच असते, आणि बाजूच्या बाकावरून ते सहज मिळतेही. कारण मात्र स्वतःचेच लिहावे लागते. ‘120 मीटरच्या रेषेकडून 60 मीटरच्या रेषेकडे ओढा जातो’ असे एक वाक्य पुरे. समोच्च रेषांचा इंग्रजी व्ही अक्षरासारखा आकार ओढ्यापाशी उगमाच्या बाजूला टोक करतो, हे निरीक्षण एखाद्या मुलाने लिहिले तर तेही पूर्ण गुणांचे उत्तर आहे.

काल्पनिक नकाशा हाताशी आला, की पुढची पायरी खऱ्या स्थलनिर्देशक नकाशाची, म्हणजे एखाद्या परिसराची उंची, पाणी, रस्ते, वस्ती असे तपशील दाखवणाऱ्या नकाशाची. भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 प्रमाणाचे नकाशे शाळेत असायलाच हवेत. त्यांतील प्रत्येक पत्रक 15 मिनिटे अक्षांश आणि 15 मिनिटे रेखांश एवढा भाग दाखवते. पुणे शहराचा मोठा भाग ज्यात येतो ते जुन्या क्रमांकपद्धतीतील पत्रक 47 एफ/14. आपल्या तालुक्याचे पत्रक मिळवून त्यातील तळहाताएवढा तुकडा चाचणीसाठी निवडावा. त्यातील गाव मुलांना ठाऊक असेल तर एक अडचण येते. ती नकाशा न पाहता अनुभवावरून उत्तर देतात. म्हणून शेजारच्या तालुक्याचा तुकडा चाचणीला आणि आपल्या गावाचा तुकडा शिकवण्याला, अशी विभागणी मला योग्य वाटते.

येथे छपाईचा एक प्रश्न उभा राहतो, आणि तो किरकोळ समजून चालणार नाही. स्थलनिर्देशक नकाशात समोच्च रेषा तपकिरी, पाणी निळे, रस्ते व वस्ती लाल, वने हिरवी आणि लागवडीखालील जमीन पिवळी असते. शाळेची प्रश्नपत्रिका काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर निघते. तेथे तपकिरी रेषा आणि निळा ओढा एकाच करड्या रंगाचे होतात, आणि मग मूल जे चुकते ते नकाशावाचनात नव्हे, आपल्या छपाईत चुकते. प्रत काढण्याआधी मूळ तुकड्याच्या एका प्रतीवर ओढे जाड काळ्या रेषेने गिरवावेत, प्रत्येक पाचव्या समोच्च रेषेवर उंची ठळक लिहावी आणि रंगावर अवलंबून असलेला एकही प्रश्न ठेवू नये. लाल-हिरव्या रंगांतील फरक न कळणारी मुलेही जवळपास प्रत्येक शाळेत असतात. त्यांच्यासाठीही हीच खबरदारी उपयोगी पडते.

प्रमाणाच्या बाबतीत झेरॉक्स यंत्र आणखी घोटाळा करते. समजा, 1:50,000 प्रमाणाच्या नकाशावर दोन गावांमधील अंतर 4 सेंमी आहे, म्हणजे प्रत्यक्षात 2 किमी. पानावर जागा करण्यासाठी हा नकाशा 71 टक्क्यांवर लहान केला, तर तेच अंतर सुमारे 2.8 सेंमी भरते. पण खाली छापलेले ‘1:50,000’ तसेच राहते. प्रामाणिकपणे मोजणारे मूल 1.4 किमी लिहिते आणि उत्तरसूचीत 2 किमी असते. 1:50,000 सारख्या संख्याप्रमाणाऐवजी रेषाप्रमाण, म्हणजे किलोमीटर दाखवणारी आखलेली पट्टी, दिले असेल तर ही अडचण येत नाही, कारण नकाशा जितका आकसतो तितकीच ती पट्टीही आकसते. त्यामुळे लेखी चाचणीतील नकाशावर रेषाप्रमाण नेहमी द्यावे, आणि छापून आलेल्या प्रतीवर स्वतः पट्टी लावून उत्तरे पुन्हा काढावीत. आठवीच्या मुलांना तर हाच घोटाळा प्रश्न म्हणून द्यावा: ‘एका नकाशाची निम्म्या आकाराची प्रत काढली. त्यावरील संख्याप्रमाण आणि रेषाप्रमाण यांपैकी कोणते विश्वासार्ह राहील? का?’ प्रमाण या घटकावरचा याहून चांगला प्रश्न मला सुचलेला नाही, कारण सूत्र पाठ असून प्रमाणाची कल्पना स्पष्ट नसलेल्या मुलाला तो सुटत नाही, आणि कल्पना स्पष्ट असलेल्या मुलाला एकही आकडेमोड न करता सुटतो.

तपासणीबद्दल येथेच लिहितो, कारण अंतराच्या प्रश्नात अन्याय होण्याचा संभव सर्वाधिक असतो. अंतर काढताना मूल तीन कामे करते: कागदावर मोजते, प्रमाण वाचते आणि गुणाकार करते. तीन गुणांच्या प्रश्नात या प्रत्येक कामाला एक गुण असावा. मोजमाप चुकले पण पुढची रीत आणि गुणाकार बरोबर असेल, तर दोन गुण द्यायलाच हवेत. मोजमापात 2 मिमीची सूट ठेवावी. 1:50,000 प्रमाणावर ती जमिनीवर 100 मीटर होते. आराखड्यातील ठिपक्यांना मात्र मिलिमीटरची कसोटी लावू नये. भारताचा दक्षिणोत्तर विस्तार 3,214 किमी आहे. आराखड्यात तो 16 सेंमी उंचीत मावला, तर 1 मिमी म्हणजे सुमारे 20 किमी. जैसलमेरचा ठिपका 5 मिमी सरकला तरी तो वाळवंटातच राहतो, पण पुण्याचा ठिपका पश्चिमेला तेवढाच सरकला तर पुणे समुद्रकिनाऱ्यावर जाते. पहिल्या मुलाला सह्याद्री, किनारा आणि पठार यांचा परस्परसंबंध किती कळला आहे हे त्या ठिपक्यावरून समजत नाही. दुसऱ्याला तो कळलेला नाही हे स्पष्ट दिसते. ठिपका घाटाच्या योग्य बाजूला आहे का, नदीच्या योग्य तीरावर आहे का, हे पाहून गुण द्यावेत. आराखडा कोणताही वापरला तरी त्यावरील देशाची सीमा सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच असावी, एवढी काळजी मात्र घ्यावी.

आता ऋतू. येथे मुलांच्या मनात एक फार चिवट समजूत असते: पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा, दूर गेली की हिवाळा. पुस्तकातील आकृतीने ती नकळत पोसली जाते. पृथ्वीची कक्षा तिरकस बाजूने पाहिल्यासारखी काढल्यामुळे ती लांबट अंड्यासारखी दिसते. प्रत्यक्षात 10 सेंमी व्यासाचे वर्तुळ काढून कक्षा प्रमाणात दाखवायची म्हटली, तर तिची लांबी आणि रुंदी यांतील फरक मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी येईल. पेन्सिलीची रेघ त्याच्या कितीतरी पट जाड असते. म्हणून चाचणीत ती लांबट आकृती देऊन ‘ऋतू ओळखा’ असे विचारणे मी टाळतो.

‘ऋतू होण्याची कारणे लिहा’ या प्रश्नाला सगळा वर्ग ‘पृथ्वीचा कललेला आस आणि परिभ्रमण’ असे लिहितो, आणि तरीही जुनी समजूत आत शाबूत असते. ती बाहेर काढायची, तर मुलाला ती तपासायला लावावी लागते. मी पुढील रूपाचा प्रश्न देतो: ‘दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्यापासून सुमारे 14.7 कोटी किमी, तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुमारे 15.2 कोटी किमी अंतरावर असते. एक विद्यार्थी म्हणतो, सूर्याजवळ गेल्यामुळे उन्हाळा होतो. वरील माहिती आणि नागपूर व सिडनी येथील जानेवारी महिना यांच्या आधारे त्याचे म्हणणे तपासा.’ नागपूर तेव्हा थंड असते आणि सिडनी गरम. अंतर तर दोन्ही शहरांना सारखेच आहे. नागपूरच्या थंडीने ते म्हणणे कोसळते एवढे लिहिणाऱ्याला अर्धे गुण, आणि दोन गोलार्धांत एकाच वेळी विरुद्ध ऋतू असल्याने कारण अंतरात नसून आसाच्या कलण्यात शोधावे लागते, इथपर्यंत पोहोचणाऱ्याला पूर्ण गुण. दहावीत गेल्यावर भारत आणि ब्राझीलची तुलना करताना हीच समज कामी येते. ती सातवीतच तपासली गेली तर पुढच्या शिक्षकाचे काम हलके होते.

सावलीचा प्रश्न आपण स्वतःच उपस्थित केला आहे, आणि मला तो या घटकाचा गाभा वाटतो. संपूर्ण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. म्हणून राज्यातील प्रत्येक गावी सूर्य वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि पुन्हा जुलै-ऑगस्टमध्ये, डोक्यावर येतो. पुण्यात हे दिवस 13-14 मे आणि जुलैची अखेर, नागपुरात 26 मे आणि 17 जुलैच्या सुमारास येतात. या दोन दिवसांच्या दरम्यान मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. पुण्यात एक मीटर उंचीची काठी सरळ उभी केली, तर 22 डिसेंबरला तिची मध्यान्हीची सावली उत्तरेला सुमारे 90 सेंमी, 21 मार्च व 23 सप्टेंबरच्या सुमारास उत्तरेला सुमारे 33 सेंमी, आणि 21 जूनला दक्षिणेला जेमतेम 9 सेंमी पडते. हे आकडे तक्त्यात देऊन, तारखा मात्र काढून टाकून, ‘कोणती नोंद कोणत्या दिवसाची?’ असे विचारावे. दिशा पाहणारे मूल 21 जूनची नोंद तत्काळ ओळखते. त्यापुढे ‘हीच काठी दिल्लीत उभी केली, तर सावली कधी दक्षिणेला पडेल का?’ असा एक प्रश्न वरच्या फळीतील मुलांसाठी ठेवावा. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला असल्याने मध्यान्हीची सावली तेथे कधीच दक्षिणेला पडत नाही, आणि हे उत्तर फक्त नकाशा पाहून काढता येते. ऋतू आणि नकाशा हे दोन वेगळे धडे नाहीत, हे मुलांना सर्वांत स्पष्ट कळते ते अशा प्रश्नातून.

या नोंदी मुलांनी स्वतः घेतलेल्या असाव्यात. अडचण अशी, की मे महिन्यातील शून्य सावलीचा दिवस सुट्टीत येतो आणि जुलैतला ढगांत. त्यामुळे शाळेत सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या नोंदी घ्याव्यात, मेची नोंद सुट्टीतील उपक्रम म्हणून द्यावी, आणि आकारिक मूल्यमापनात प्रात्यक्षिकाचे गुण या कामाला द्यावेत. मध्यान्ह म्हणजे घड्याळातील बारा नव्हेत हेही येथेच तपासता येते. प्रमाणवेळ 82 अंश 30 मिनिटे पूर्व रेखावृत्ताची, पुणे सुमारे 74 अंशांवर, आणि एका अंशाला चार मिनिटे. म्हणून पुण्यात सर्वांत आखूड सावली साडेबाराच्या पुढेमागे मिळते. बरोबर बारा वाजता मोजलेल्या सावलीची वही आली, तर तिच्यावर चूक अशी खूण न करता ‘ही सावली नेमकी उत्तरेला का पडली नाही?’ असा प्रश्न लिहून ती परत द्यावी.

उत्तरायणाच्या तारखेबद्दल विशेष विचार करावा. ‘उत्तरायण केव्हा सुरू होते?’ या प्रश्नाला अनेक मुले 14 जानेवारी असे लिहितात, कारण घरी मकर संक्रांतीच्या दिवशी त्यांनी तेच ऐकलेले असते. येथे नुसती फुली मारणे मला मान्य नाही. पृथ्वीच्या अक्षाच्या परांचन गतीमुळे (अक्षाच्या अतिशय संथ डोलण्यामुळे) निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने गणना करणाऱ्या, पंचांगातील संक्रांत आणि सूर्याचे प्रत्यक्ष उत्तरेकडे सरकणे यांत सुमारे 72 वर्षांना एक दिवस असा फरक पडत गेला आहे. दोन गणना वेगळ्या आहेत. सातवीच्या मुलाला परांचन सांगण्याची गरज नाही, पण पुरावा देता येतो. पुण्यातील काठीची सावली 22 डिसेंबरला 90 सेंमी आणि 14 जानेवारीला सुमारे 83 सेंमी असते. ‘सूर्य उत्तरेकडे सरकू लागला तो यांपैकी कोणत्या तारखेपासून? नोंदींवरून सांगा’ असे विचारले, की मूल घरच्या सणाचा अवमान न करता भूगोलाच्या उत्तरापर्यंत स्वतः पोहोचते.

ऋतूंकडून हवामानाकडे नेणारा एक प्रश्न मला विशेष आवडतो: ‘मुंबईत मध्यान्हीचा सूर्य मेमध्येही उंच असतो आणि जूनमध्येही, दिवस तर जूनमध्ये सर्वांत मोठा, सुमारे सव्वातेरा तासांचा. मग कमाल तापमान जूनच्या अखेरीस मेपेक्षा कमी का होते, आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा का वाढते?’ जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येणारा मोसमी पाऊस आणि त्याचे ढग, आणि ऑक्टोबरमध्ये त्यांचे निघून जाणे, हे उत्तर मुलाच्या रोजच्या अनुभवात असते. ते फक्त सूर्याच्या उंचीशी जोडून लिहायचे असते. जोडीला लेहचे मासिक तापमान द्यावे. तेथे मोसमी ढगांचा अडथळा फारसा नसल्याने सर्वांत उष्ण महिने जुलै-ऑगस्ट असतात. दोन ठिकाणांची अशी तुलना मुलाकडून कारण काढून घेते.

हवामानाच्या चाचणीचे मुख्य साधन म्हणजे पावसाचे स्तंभ आणि तापमानाची रेषा एकत्र दाखवणारा आलेख. तीन आलेख द्यावेत आणि ठिकाणांची नावे लपवावीत: मुंबई, चेन्नई आणि दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन. मुंबईत जवळपास सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. चेन्नईत सर्वाधिक पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे. आणि केपटाऊनमध्येही जून-जुलैतच पाऊस जास्त असतो, पण तापमानाची रेषा तेव्हाच तळाला गेलेली असते. केवळ स्तंभ पाहणारे मूल केपटाऊनला भारतात बसवते. जून-जुलैत थंडी म्हणजे दक्षिण गोलार्ध, हे स्तंभ आणि रेषा एकत्र वाचणाऱ्यालाच दिसते. ठिकाणांची नावे ओळखण्याला गुण कमी ठेवावेत, एक-एक पुरे. ‘कोणत्या पुराव्यावरून?’ याला जास्त असावेत.

एखाद्या दिवसाची हवा आणि दीर्घकाळाचे हवामान यांतील फरकाची व्याख्या विचारण्याऐवजी मी 26 जुलै 2005 चे उदाहरण देतो. त्या दिवशी 24 तासांत मुंबईच्या सांताक्रूझ केंद्रावर 944 मिमी पाऊस नोंदवला गेला, आणि सुमारे 20 किमी दक्षिणेला असलेल्या कुलाबा केंद्रावर 75 मिमीहूनही कमी. ‘यावरून कुलाब्याचे हवामान कोरडे आहे असे म्हणता येईल का?’ हा प्रश्न. एका दिवसाच्या नोंदीवरून हवामान ठरत नाही, त्यासाठी साधारण 30 वर्षांच्या नोंदींची सरासरी पाहतात, हे मूल येथे वापरून दाखवते. याउलट महाबळेश्वर आणि वाईचे उदाहरण द्यावे. सरळ रेषेत अंतर सुमारे 25 किमी. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिमीच्या आसपास पाऊस, आणि वाईला त्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. येथे फरक दरवर्षीचा आहे, म्हणून तो हवामानाचा आहे. सोबत सह्याद्रीचा छेद काढून, वाऱ्याचा बाण न दाखवता, ‘पाऊस आणणारे वारे कोणत्या बाजूने येतात ते बाणाने दाखवा आणि पर्जन्यछायेचा भाग रेखांकित करा’ असे सांगावे. पाठ केलेला प्रतिरोध पाऊस, म्हणजे डोंगराने वारे अडवल्यामुळे पडणारा पाऊस, येथे कागदावर उतरवावा लागतो.

दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठी नकाशाऐवजी पर्यायी लेखी प्रश्न देण्याची पद्धत आहे आणि ती आवश्यक आहे. परंतु शाळेच्या पातळीवर आपण आणखी थोडे करू शकतो. पुठ्ठ्यावर समोच्च रेषांच्या जागी सुतळी चिकटवली, ओढ्यासाठी गुळगुळीत दोरी आणि गावांसाठी बटणे लावली, तर टेकडी कोणत्या बाजूला जास्त उताराची आहे हे बोटांनी वाचता येते. हा नकाशा वर्गातील सगळ्या मुलांना डोळे मिटून वाचायला द्यावा. मग तो एकट्या मुलाचा वेगळा प्रश्न राहत नाही.

वीस गुणांची विभागणी मी अशी करीन. आराखड्यात भरण्याला 4 गुण, कारण स्मरणालाही जागा हवी आणि धडपडणाऱ्या मुलाला चाचणीच्या सुरुवातीस काही हाती लागले पाहिजे. अनोळखी नकाशाला 6: दिशा, अंतर आणि ओढ्याचा प्रवाह, प्रत्येकी दोन, म्हणून अंतराच्या प्रश्नात येथे मोजमापाला एक आणि प्रमाण वापरण्याच्या रीतीला एक गुण. सावलीच्या तक्त्याला 4, आलेखांना 4, आणि उरलेले 2 गुण ‘म्हणणे तपासा’ या प्रकारच्या एका प्रश्नाला. वेळ एका तासिकेपेक्षा कमी ठेवू नये. नकाशा वाचायला डोळ्यांना वेळ लागतो, आणि घाईत मूल पुन्हा पाठांतराकडे वळते. पट्टी आणि दोऱ्याचा तुकडा शाळेनेच प्रत्येक बाकावर ठेवावा. निकाल नोंदवताना स्मरणाचे 4 आणि वाचनाचे 16 गुण दोन वेगळ्या रकान्यांत लिहावेत. पहिला रकाना भरलेला आणि दुसरा रिकामा असलेली मुले आपल्याला लगेच दिसतील, आणि पुढच्या आठवड्यातील तासिका कोणासाठी आणि कशावर घ्यायच्या हे त्या रकान्यांवरूनच ठरवावे.